डिमर लावल्यावर एलईडी स्ट्रिप लुकलुकते, गुणगुणते, विझतच नाही: दोष नेमका कुठे शोधायचा

कोव्हमधली, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेतली, स्ट्रिप पूर्ण प्रकाशात छान चालते. डिमरचं बटण अर्ध्यापर्यंत खाली आणलं तरी काही फरक पडत नाही. मग एकदम लुकलुक सुरू होते, ड्रायव्हर (२३० व्होल्टवरून एलईडीला लागणारी वीज बनवणारा डबा) घूं घूं करायला लागतो, आणि आणखी खाली नेलं की दिवा नुसता पेटतो-विझतो. ड्रायव्हर बदलला तरी तेच, डिमर बदलला तरी तेच. काही महिन्यांनी ड्रायव्हर जातो, नवा येतो आणि रडगाणं पुन्हा सुरू होतं.

अशा बहुतेक घरांत डिमरही धड असतो आणि ड्रायव्हरही. जोडी तेवढी चुकलेली असते. भिंतीवरच्या प्लेटला शोभेल असा डिमर आधी निवडला जातो, आणि पीओपीच्या आत कोणता ड्रायव्हर पडलाय ते सगळ्यात शेवटी बघितलं जातं. क्रम उलटा हवा. प्रकाश २३० व्होल्टच्या बाजूला कापायचा, १२-२४ व्होल्टच्या बाजूला कापायचा, की ड्रायव्हरच्या पोटात, हे त्या ड्रायव्हरची बनावट ठरवते. म्हणून शोधही तिथूनच सुरू करायचा.

आधी ड्रायव्हरचं लेबल

एमसीबी पाडा, टेस्टर लावून फेज गेल्याची खात्री करा, आतला कपॅसिटर उतरायला मिनिटभर द्या आणि ड्रायव्हर बाहेर ओढा. लेबलवर आउटपुटची ओळ शोधा. घरात सापडणारे प्रकार तीनच आहेत.

ओळीत एकच व्होल्टेज असेल, म्हणजे ‘डीसी १२ व्होल्ट, ५ अँपिअर’ किंवा ‘डीसी २४ व्होल्ट, ८.३ अँपिअर’, तर तो कॉन्स्टंट व्होल्टेज ड्रायव्हर. स्ट्रिप यावर चालते. व्होल्टेजची रेंज आणि एकच करंट असेल, उदाहरणार्थ ‘डीसी ३६ ते ६० व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर’, तर तो कॉन्स्टंट करंट. पॅनेल आणि डाउनलाइटमध्ये हाच असतो. तिसरा ‘एसी १२ व्होल्ट, २० ते ६० वॉट’ असं लिहिलेला. हा हॅलोजनच्या जमान्यातला इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. जुन्या शोकेसमध्ये आणि दुकानांच्या छतात अजून बरेच आहेत.

मग इनपुटची ओळ आणि तिच्या आसपासची बारीक अक्षरं वाचा. ‘ट्रायॅक डिमेबल’ किंवा ‘फेज कट’ (म्हणजे लाट कापणाऱ्या भिंतीवरच्या डिमरवर चालणारा) असं स्पष्ट छापलेलं नसेल, तर त्या ड्रायव्हरच्या आधी, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, कोणताही डिमर चालणार नाही. दुकानदाराने ‘चालतो हो, सगळे लावतात’ म्हटलं तरी नाही. लेबल हातात आहे तोवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही बघून ठेवा. एलईडी ड्रायव्हरला ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांकच नसलेल्या डब्यावर पुढचं शोधकाम करण्यात वेळ घालवू नका, तो आधी बदला.

साध्या ड्रायव्हरच्या आधी डिमर लावला तर आत काय होतं

साधा ड्रायव्हर म्हणजे एक एसएमपीएस. तो २३० व्होल्टची लाट डायोड-ब्रिजमधून सरळ करतो, मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो आणि त्या साठ्यातून ठरलेलं व्होल्टेज बाहेर देतो. आत येणारं व्होल्टेज खालीवर झालं तरी बाहेरचं हलू द्यायचं नाही, हेच त्याचं काम.

भिंतीवरचा ट्रायॅक डिमर दर अर्ध्या लाटेचा पुढचा तुकडा कापतो. निम्म्यापर्यंत कापला तरी लाटेचं शिखर शाबूत राहतं आणि आतला कपॅसिटर शिखरापर्यंतच भरत असतो. म्हणून बटण अर्धं फिरवलं तरी प्रकाश तसाच. त्यापुढे शिखरच कापलं जातं आणि साठा खाली यायला लागतो. ड्रायव्हर तेवढेच वॉट देण्यासाठी जास्त करंट ओढून तग धरतो. एका मर्यादेखाली त्याचं कंट्रोल सर्किट बंद पडतं. भार सुटल्यावर कपॅसिटर पुन्हा भरतो, सर्किट जागं होतं, भार घेतं, पुन्हा बंद पडतं. तुम्हाला दिसते ती पेट-विझ हीच.

घूं आवाजाचं मूळही इथेच. ट्रायॅक लाटेच्या मध्येच उघडतो, त्यामुळे रिकामा कपॅसिटर एका झटक्यात भरतो. ५० हर्ट्झच्या लाईनवर असा झटका सेकंदाला १०० वेळा बसतो. डिमरमधला चोक, ड्रायव्हरमधली कॉइल, सगळं त्या ठेक्यावर थरथरतं. तेच झटके कपॅसिटरला तापवतात आणि ड्रायव्हर अकाली जातो. आवाज येतोय पण प्रकाश बरा आहे, म्हणून तसंच चालू ठेवू नका.

पंख्याच्या रेग्युलेटरचा किस्सा वेगळा. स्विचबोर्डात मोकळं मॉड्यूल दिसलं की वायरमन तोच लावून मोकळा होतो. हल्लीचा पायऱ्यांचा रेग्युलेटर म्हणजे सिरीजमध्ये बसवलेले कपॅसिटर. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे ३,२०० ओम अडथळा करतो, म्हणजे २३० व्होल्टवर फार तर ७० मिलिअँपिअर सोडतो. ४०-५० वॉटच्या ड्रायव्हरला तेवढ्यात भागत नाही. तो हळूहळू भरतो, पेटतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. म्हणून १ नंबरवर दिवा सेकंद-दोन सेकंदांच्या अंतराने चमकतो आणि ५ नंबरवर नीट चालतो, कारण तिथे कपॅसिटर बाजूला पडलेले असतात. असं लक्षण दिसलं की प्लेट उघडायच्या आधीच रेग्युलेटर ओळखता येतो. तो काढा आणि तिथे साधा स्विच लावा.

ड्रायव्हरवर ‘ट्रायॅक डिमेबल’ लिहिलंय आणि तरीही खालच्या टोकाला लुकलुक होते? मग डिमरचं किमान लोड बघा. बल्बच्या काळातल्या डिमरवर ‘६० ते ४०० वॉट’ अशी रेंज असते. ट्रायॅकला उघडा राहायला ठरावीक करंट सतत लागतो. २० वॉटच्या ड्रायव्हरमधून तो मिळाला नाही की ट्रायॅक मध्येच मिटतो. अशा ठिकाणी एलईडीसाठी बनवलेला, लाटेचा मागचा भाग कापणारा ट्रेलिंग एज डिमर घ्या आणि त्यावरची किमान प्रकाशाची सेटिंग असेल तर लुकलुक थांबेल तिथपर्यंत वर उचला.

स्ट्रिपसाठी खात्रीचा मार्ग: डीसी बाजूचा पीडब्ल्यूएम

१२ किंवा २४ व्होल्टच्या स्ट्रिपला डिमर कुठे लावावा याचं सरळ उत्तर आहे. साधा, चांगल्या बनावटीचा एसएमपीएस पूर्ण २३० व्होल्टवर चालू द्या आणि त्याच्या पुढे, स्ट्रिपच्या आधी, पीडब्ल्यूएम डिमर बसवा. नॉबवाला असो, रिमोटचा असो की वाय-फायचा, आतलं तत्त्व एकच: एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) स्ट्रिपला सेकंदाला शेकडो-हजारो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद करतो. चालू असण्याचा काळ जितका कमी, तितका प्रकाश मंद.

व्होल्टेजच कमी करून का चालत नाही, ते स्ट्रिपचा एक तुकडा जवळून बघितला की कळतं. मीटरला ६० दिव्यांची १२ व्होल्टची ५०५० स्ट्रिप घ्या. दर ५ सेंटिमीटरवर कात्रीची खूण असते. दोन खुणांच्या मध्ये तीन पिवळसर दिवे आणि काळ्या ठिपक्यासारखे रेझिस्टर असतात. भिंगातून बघितलं तर त्यांवर बहुधा ‘१५१’ वाचता येतं, म्हणजे १५० ओम. तीन एलईडी मिळून साधारण ९ व्होल्ट घेतात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, करंट २० मिलिअँपिअर. म्हणजे १२ व्होल्टमधल्या फक्त वरच्या ३ व्होल्टांत सगळा खेळ आहे. ११ व्होल्टला करंट जवळजवळ ७० टक्क्यांवर येतो, १० ला निम्म्यावर, ९ ला चौथ्या-पाचव्या हिश्शावर, ८ च्या खाली अंधार. त्या खालच्या टोकाला एका गटातले एलईडी दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पेटतात आणि स्ट्रिप ठिगळं लावल्यासारखी दिसते. पीडब्ल्यूएममध्ये प्रत्येक एलईडी चालू असताना त्याच्या ठरलेल्या करंटवरच चालतो, त्यामुळे प्रकाश मंद झाला तरी सारखा राहतो आणि रंगही फारसा सरकत नाही.

हाच हिशेब उलट बाजूनेही लक्षात ठेवा. जाळीदार एसएमपीएसवर व्होल्टेज फिरवायचा छोटा स्क्रू असतो. प्रकाश वाढवायला तो १३ व्होल्टवर नेला तर रेझिस्टरवर ३ ऐवजी जवळजवळ ४ व्होल्ट पडतात आणि करंट सुमारे ३० टक्के वाढतो. स्ट्रिप पहिल्या दिवशी झगमगते आणि वर्षाच्या आत काळवंडते. तो स्क्रू स्ट्रिपच्या व्होल्टेजवर लावून सोडून द्या.

आता एक हॉल मोजून बघू. ४ बाय ३ मीटरचा कोव्ह म्हणजे घेर १४ मीटर. मीटरला १० वॉटची स्ट्रिप धरली तर १४० वॉट. १२ व्होल्टवर ११.७ अँपिअर, २४ व्होल्टवर ५.८ अँपिअर. इथे २४ व्होल्टच घ्या, १२ च्या वाटेला जाऊ नका. कारण पुढे येतंच. पुरवठा भाराच्या सव्वापट: १७५ वॉट, बाजारात मिळणारा पुढचा आकार २०० वॉट. डिमरवर छापलेल्या अँपिअरच्या ६०-७० टक्केच भार टाका, म्हणजे इथे १० अँपिअरचा. स्वस्त डब्यांवरचा ‘१२ अँपिअर’ हा आकडा मॉसफेटच्या कागदावरचा असतो. त्या डब्यातल्या बारीक तांब्याला आणि टर्मिनलला तेवढा करंट पेलेलच असं नाही. अर्धा तास पूर्ण प्रकाशात चालवून डबा हाताला लावून बघा. बोट टिकत नसेल तर आकार वाढवा.

स्ट्रिपचे ५, ५ आणि ४ मीटरचे तीन तुकडे करा आणि प्रत्येकाला डिमरपासून स्वतंत्र जोडी ओढा. एकाच्या शेपटीला दुसरा जोडू नका. ५ मीटरच्या तुकड्याचा करंट साधारण २.१ अँपिअर, ६ मीटर लांबवर १.५ स्क्वेअर एमएमची वायर नेली तर घट सुमारे ०.३ व्होल्ट, म्हणजे काहीच नाही. एसएमपीएस कोव्हच्या कोपऱ्यात कोंबू नका. हवा लागेल आणि पुढे हात पोहोचेल अशी झडप ठेवा. जाळीदार डब्याची टर्मिनल उघडी असतात, त्यांवर झाकण आणि बॉडीला अर्थिंग हवंच.

डिमर एसएमपीएसच्या जवळ, दोघांमधली वायर आखूड. पीडब्ल्यूएमची लांब वायर अँटेनासारखी वागते आणि शेजारच्या रेडिओत खरखर करते. भिंतीवर नॉब हवा असेल तर कंट्रोलची बारीक वायर किंवा वायरलेस पॅनेल भिंतीपर्यंत न्या, करंटची वायर तिथे नेऊ नका.

पीडब्ल्यूएम लावला, तरी तक्रार उरली

टोकाचा भाग मंद दिसतो. हा डिमरचा दोष नाही, वायरिंगचा आहे. १४.४ वॉटची १२ व्होल्ट स्ट्रिप ५ मीटर म्हणजे ७२ वॉट, ६ अँपिअर. ती ५ मीटर लांब १ स्क्वेअर एमएमच्या वायरने जोडली तर जाऊन-येऊन १० मीटर तांब्यात साधारण १ व्होल्ट पडतो. एवढंसं वाटतं, पण तो रेझिस्टरवरच्या त्या ३ व्होल्टांतून जातो, म्हणजे प्रकाशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. तीच स्ट्रिप २४ व्होल्टची असती तर करंट ३ अँपिअर, घट अर्धा व्होल्ट आणि ती ६ व्होल्टांतून जाते. नुकसान बाराव्या हिश्शाचं. २४ व्होल्टचा आग्रह याचसाठी. शिवाय पीडब्ल्यूएममध्ये प्रकाश १० टक्क्यांवर आणला तरी चालू असण्याच्या क्षणी करंट पूर्णच असतो, त्यामुळे टोकाचा फिकटपणा त्याच प्रमाणात राहतो. मंद केल्यावर जाईल ही आशा ठेवू नका. उपाय: वायर जाड करा आणि स्ट्रिपच्या दुसऱ्या टोकालाही त्याच डिमरची जोडी द्या.

हे तपासताना मल्टिमीटर फसवतो. डिमर ५० टक्क्यांवर ठेवून स्ट्रिपवर मोजलं तर मीटर मधलाच कुठला तरी आकडा दाखवतो आणि माणूस एसएमपीएस बसलाय असं समजून तो बदलतो. मीटर फक्त सरासरी दाखवायचा प्रयत्न करतोय. मोजायचं ते नेहमी पूर्ण प्रकाशात: आधी एसएमपीएसच्या टर्मिनलवर, मग डिमरच्या आउटपुटवर, मग स्ट्रिपच्या सुरुवातीला आणि शेवटी. चार आकडे कागदावर लिहिले की व्होल्ट कुठे सांडतोय ते लगेच दिसतं. डिमरच्या इनपुट आणि आउटपुटमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर स्क्रू ढिला आहे किंवा डिमर लहान पडतोय.

मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी कमी आहे. स्वस्त डिमर काहीशे हर्ट्झवर चालतात. डोळ्याला ते सरळ दिसत नाही, पण मान वळवताना ठिपक्यांची रांग दिसते आणि काही जणांचं डोकं दुखतं. घरच्या घरी चाचणी अशी: दिवा मंद करा आणि त्याच्या उजेडात पेन्सिल भराभर हलवा. पेन्सिलचा सलग पंखा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर फ्रिक्वेन्सी कमी. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १७८९ क्रमांकाच्या २०१५ सालच्या शिफारशींचा हिशेब लावला तर पूर्ण चालू-बंद होणाऱ्या प्रकाशासाठी सुमारे १,२५० हर्ट्झच्या वर धोका कमी, आणि ३,००० च्या वर परिणाम नसल्यात जमा. अभ्यासाचं टेबल, शिवणयंत्र, स्वयंपाकाचा ओटा, जिथे हात किंवा पातं हलतं, तिथे ३,००० च्या वरचाच डिमर घ्या. डेटाशीटमध्ये फ्रिक्वेन्सी छापलेलीच नसेल तर तो डिमर पायरीवरच्या दिव्याला ठीक, टेबलावर नको.

एसएमपीएस गुणगुणतो. पूर्ण प्रकाशात शांत आणि मंद केल्यावर शीळ, असं असेल तर पीडब्ल्यूएमचा ठेका एसएमपीएसच्या कॉइलपर्यंत पोहोचतोय. काहीशे हर्ट्झ म्हणजे कानाला ऐकू येणारा सूरच. डिमरच्या इनपुटवर, अगदी टर्मिनलला लागून, १,००० ते २,२०० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा. १२ व्होल्टला २५ व्होल्टचा, २४ ला ३५ व्होल्टचा. प्लस-मायनस नीट बघून. हाच कपॅसिटर चुकून आउटपुटवर लावू नका. मॉसफेट दर वेळी उघडताना रिकामा कपॅसिटर भरत बसेल आणि काही मिनिटांत जळेल.

पूर्ण बंद होत नाही. पीडब्ल्यूएम डिमर बहुतेक वेळा मायनस तोडतो, प्लस सरळ जातो. जोडणारा सगळ्या काळ्या वायरी एका कनेक्टरमध्ये पिळतो, त्यात एसएमपीएसची काळी आणि स्ट्रिपची काळी एकत्र आली की डिमर बाजूलाच पडला. स्ट्रिप कायम पूर्ण प्रकाशात राहते आणि नॉब फिरवून काही होत नाही. स्ट्रिपची मायनस फक्त डिमरच्या आउटपुटवरच गेली पाहिजे. अॅल्युमिनियमच्या एकाच प्रोफाइलमध्ये डिमरवरची आणि बिनडिमरची अशा दोन स्ट्रिप असतील तर कापलेल्या टोकाचे पॅड प्रोफाइलला टेकत नाहीत ना, तेही बघा. टोकाला सिलिकॉन किंवा कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपचा) तुकडा लावा.

खालच्या टोकाला प्रकाश टप्प्याटप्प्याने उडी मारतो. डोळा प्रकाश साधारण वर्गमुळाच्या हिशेबाने जोखतो: मोजून २५ टक्के प्रकाश निम्मा वाटतो, १ टक्का दहाव्या हिश्शाएवढा. २५५ पायऱ्यांच्या डिमरमध्ये पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना प्रकाश दुप्पट होतो, तो झटका अंधारात स्पष्ट कळतो. पायऱ्या जास्त आणि वक्र लॉगरिदमिक असलेला डिमर घ्या. होम थिएटरला हे महत्त्वाचं, देव्हाऱ्यातल्या पट्टीला नाही.

पॅनेल आणि डाउनलाइट

इथे स्ट्रिपचा डिमर लावायचा मोह टाळा. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर आणि पॅनेल यांच्यामध्ये पीडब्ल्यूएमने तोड घातली की ड्रायव्हरला वाटतं भार निघाला, आणि तो व्होल्टेज कमाल मर्यादेपर्यंत चढवतो. पुढच्या क्षणी मॉसफेट जोडतो तेव्हा साठलेलं सगळं एलईडीत ओतलं जातं. दर वेळी असा ठोसा खाऊन चिप मरते, आणि दोष पॅनेलच्या कंपनीला जातो.

पॅनेल मंद करायचं असेल तर ड्रायव्हरच डिमेबल हवा: फेज कटचा, किंवा ०-१० व्होल्टचा, किंवा मोठ्या ऑफिसात डालीचा (एका लाईनवरच्या अनेक ड्रायव्हरना डिजिटल संदेश देणारी पद्धत). ०-१० व्होल्टमध्ये ड्रायव्हरमधून दोन बारीक वायरी जास्तीच्या येतात. बिघाड शोधायला यासारखी सोपी पद्धत नाही. दोन्ही वायरी मोकळ्या सोडा: प्रकाश पूर्ण झाला पाहिजे. दोन्ही एकमेकींना टेकवा: किमान झाला पाहिजे. दोन्ही झालं तर ड्रायव्हर निर्दोष, दोष भिंतीवरच्या डिमरमध्ये किंवा वायरीत. प्रकाश सतत किमानच राहत असेल तर प्लस-मायनस उलटी लागली असण्याची शक्यता मोठी. या वायरी २३० व्होल्टच्या पाइपातून नेऊ नका. आणि ०-१० व्होल्टमध्ये शून्यावर आणलं की दिवा विझेलच असं नाही. बरेच ड्रायव्हर १० किंवा १ टक्क्यावर थांबतात, बंद करायला वेगळा स्विच लागतो. याच वायरींवर १०० किलोओमचा साधा व्हॉल्यूम कंट्रोल लावूनही काही ड्रायव्हर चालतात, पण डेटाशीटमध्ये तसं लिहिलेलं असेल तरच. त्यात दोन ड्रायव्हर समांतर जोडले तर ५० किलोओम, चार असतील तर २५.

डाली निवडली तर एका लाईनवर ६४ ड्रायव्हर, १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरने ३०० मीटरपर्यंत. २ बीएचके साठी हा खर्च करू नका.

तीन रंगांत बदलणारी पॅनेल डिमरवर लावू नका. स्विच बंद-चालू केल्यावर रंग बदलायचा, हे ती पुरवठा तुटण्यावरून ओळखतात. डिमर खाली नेल्यावर पुरवठा क्षणभर तुटला की पिवळ्याचा पांढरा होतो, तोही एखाद्या पॅनेलचाच.

जुन्या हॅलोजनच्या जागी एमआर-१६

५० वॉटचा हॅलोजन काढून ५ वॉटचा एमआर-१६ (छोटा स्पॉटलाइट) एलईडी बसवला आणि लुकलुक सुरू झाली, तर छतातल्या ट्रान्सफॉर्मरकडे बघा. त्यावर ‘२० ते ६० वॉट’ लिहिलेलं असतं. हे सर्किट भाराच्या करंटवरच स्वतःचं दोलन टिकवतं. ५ वॉटवर ते अडखळतं. तीन दिवे मिळून १५ वॉट झाले तरी कमीच. ट्रान्सफॉर्मर काढून १२ व्होल्ट डीसीचा पुरवठा बसवा. मात्र पुढे पीडब्ल्यूएम लावायचा असेल तर एमआर-१६ वर डिमेबल लिहिलंय का ते तपासा; या छोट्या दिव्यांत स्वतःचं करंट सर्किट असतं आणि प्रत्येकाला ती तोड सोसत नाही.

डिमरशी संबंध नसलेली लुकलुक

डिमर पूर्ण बाजूला काढा, स्ट्रिप थेट एसएमपीएसला जोडा. तरीही लुकलुकते? मग संध्याकाळी सात-आठच्या सुमारास बोर्डावर व्होल्टेज मोजा. पंप चालू असताना गावाकडे ते १८० च्या खाली येतं, आणि ‘१८० ते २६५’ लिहिलेला ड्रायव्हर तिथे दम टाकतो. १०० ते २४० व्होल्टचा घेतला की प्रश्न मिटतो. दिव्यासोबत पंख्याचा वेगही बदलत असेल आणि काही दिवे मंद होताना काही प्रखर होत असतील, तर न्यूट्रल निसटतोय. मेन स्विच बंद करा आणि लगेच वायरमन किंवा महावितरणला बोलवा. तशा अवस्थेत २३० च्या जागी बरंच जास्त व्होल्टेज घरात येऊ शकतं.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच लुकलुकत असेल तर बहुधा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आणि डिमर फेज कटचा आहे. डिमर ज्या साइन लाटेवर वेळ मोजतो ती लाटच बदललेली असते, त्याच बटणावर प्रकाश उडी मारतो. पीडब्ल्यूएमला याचं काही वाटत नाही, कारण मध्ये एसएमपीएस उभा आहे. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे डीसी बाजूचाच डिमर घ्यायचं हे आणखी एक कारण.

स्विच बंद केल्यावरही स्ट्रिप अंधारात काजव्यासारखी मिणमिणते किंवा मधूनच चमकते. स्विचवर छोटा इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा करंट ड्रायव्हरचा कपॅसिटर भरत राहतो. इंडिकेटरचा स्विच बदला. साधाच स्विच असेल तर टेस्टर ड्रायव्हरच्या दोन्ही वायरींना लावा: स्विच बंद असताना टेस्टर पेटला, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतोय. हे फक्त मिणमिण्यापुरतं नाही. बंद म्हणून हात घातलेला ड्रायव्हर जिवंत असतो. बोर्डात फेज-न्यूट्रल अदलाबदल करून घ्या आणि मगच कोव्हमध्ये हात घाला.